तिवरे जागेवर उभी आहेत, मग उपग्रह प्रतिमेत ती कोमेजलेली का दिसतात?

खाडीकाठ :

नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. पदव्युत्तर वर्गातील चार विद्यार्थिनींनी यंदा प्रकल्पासाठी ठाणे खाडीतील कांदळवन हा विषय घेतला आहे. ऐरोलीचा पूल आणि वाशीचे पूल यांच्या दरम्यान, दोन्ही काठांवरच्या तिवरांची स्थिती २०१९ आणि २०२४ या वर्षांच्या जानेवारीत कशी होती, हे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून पाहायचे, एवढाच प्रकल्पाचा आवाका आहे. सुदूर संवेदन हा विषय मी अनेक वर्षे शिकवत आले आहे, परंतु कच्ची प्रतिमा उतरवून घेऊन तिच्यावर स्वतः काम करण्याचा प्रसंग प्रथमच आला आहे. त्यात तीन अडचणी आल्या आहेत.

पहिली अडचण अशी की, बँडची (म्हणजे एकाच ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशात टिपलेल्या प्रतिमेची) फाइल संगणकाच्या नेहमीच्या फोटो पाहण्याच्या सोयीत उघडली तर ती जवळजवळ काळीकुट्ट दिसते. खाडी कुठे आणि जमीन कुठे, एवढेही कळत नाही. तीच फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र स्वच्छ दिसते.

दुसरी अडचण रंगांची आहे. दोन्ही वर्षांच्या प्रतिमांत आम्ही निअर इन्फ्रारेड, लाल आणि हिरवा हे बँड अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगात दाखवले. २०१९ च्या प्रतिमेत तिवरे गडद लाल दिसतात आणि २०२४ च्या प्रतिमेत तीच फिकट, विटकरी दिसतात. प्रतिमा थोडी मोठी करून पाहिली की रंग पुन्हा बदलतात. यातला खरा रंग कोणता मानायचा?

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. एनडीव्हीआय, म्हणजे निअर इन्फ्रारेड आणि लाल यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून येणारा हिरवेपणाचा निर्देशांक, काढल्यावर तिवरांच्या पट्ट्याची सरासरी २०१९ मध्ये ०.८ च्या आसपास येते आणि २०२४ मध्ये ती ०.५ च्या आसपास उतरते. हा आकडा पाहून विद्यार्थिनींनी ‘कांदळवनाचा ऱ्हास’ असे प्रकरणाचे शीर्षकही लिहून टाकले. माझे मन मात्र ते मानत नाही. गेल्या महिन्यात आम्ही ऐरोलीच्या बाजूने खाडीकाठी जाऊन आलो, तेव्हा तिवरांचे रान डोळ्यांना पूर्वीइतकेच दाट दिसले. हा परिसर २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. अशा ठिकाणाबद्दल महाविद्यालयाच्या अहवालात चुकीचा आकडा गेला, तर तो पुढे कोण कशासाठी वापरील हे सांगता येत नाही. ऱ्हास झालेला नसताना झाला म्हणणे मला जितके चुकीचे वाटते, तितकेच तो खरोखर झालेला असताना आपल्या डोळ्यांवर विसंबून नाकारणेही चुकीचे वाटते. म्हणून जाणकारांना विचारते आहे.

२०१९ ची प्रतिमा आमच्या विभागाच्या संगणकावर त्याच वर्षी उतरवून ठेवलेली होती. २०२४ ची आम्ही अलीकडे उतरवली. दोन्ही लेव्हल-२ए, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढलेल्या आहेत.

---

पारसिक :

मॅडम, आपण शीर्षक लिहिण्याआधी थांबलात, हे फार बरे झाले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला बहुधा ठाऊक आहे, परंतु त्यासाठी आधी एक माहिती हवी. दोन्ही प्रतिमांच्या मूळ फोल्डरच्या लांबलचक नावात ‘एन’ या अक्षरापुढे चार अंक असतात, ते कृपया इथे लिहावेत. तोवर पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो, कारण तिन्हींचे मूळ एकमेकांत गुंतलेले आहे.

सेंटिनेल-२ चा संवेदक १२ बिटांत नोंद करतो आणि फाइल १६ बिटांची असते. म्हणजे फाइलमध्ये ० ते ६५,५३५ एवढे आकडे मावू शकतात. आपल्या पडद्याला मात्र प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ अशा २५६ च पायऱ्या असतात. लेव्हल-२ए मध्ये परावर्तनाला १०,००० ने गुणून तो आकडा साठवलेला असतो. एखाद्या पृष्ठभागाने लाल प्रकाश ३ टक्के परत पाठवला, तर तिथला आकडा ३०० होतो, आणि दाट तिवरांनी निअर इन्फ्रारेड ३० टक्के परत पाठवला, तर ३,००० होतो. फोटो पाहण्याची साधी सोय हे आकडे ६५,५३५ च्या मापाने २५६ पायऱ्यांवर बसवू पाहते. तसे केल्यावर ३०० ला पहिली पायरी मिळते आणि ३,००० ला बारावी. आपल्या डोळ्यांना पहिली आणि बारावी पायरी या दोन्ही काळ्याच दिसतात. प्रतिमेत काहीही बिघडलेले नसते. सगळी माहिती जिन्याच्या तळाशी दाटीने उभी असते, एवढेच.

क्यूजीआयएस हा जिना नव्याने आखते. समजा किमान २०० आणि कमाल ३,५०० धरले, तर ३०० ला आठवी पायरी मिळते आणि ३,००० ला २१६ वी. यालाच लिनिअर स्ट्रेच म्हणतात. प्रत्येक आकड्यातून किमान वजा करायचे, कमाल आणि किमान यांच्या फरकाने भागायचे आणि २५५ ने गुणायचे. किमान व कमाल ठरवताना क्यूजीआयएस साधारणपणे हिस्टोग्रामच्या (कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत, हे दाखवणाऱ्या आलेखाच्या) दोन्ही टोकांचे २ टक्के पिक्सेल सोडून देते, म्हणजे एखादे चकाकणारे पत्र्याचे छप्पर सगळ्या प्रतिमेचे माप बिघडवत नाही.

आपल्या दुसऱ्या अडचणीचे कारण इथेच आहे. हे २ टक्के प्रत्येक प्रतिमेतून स्वतंत्रपणे मोजले जातात. २०१९ च्या प्रतिमेला तिचे स्वतःचे किमान-कमाल मिळाले आणि २०२४ च्या प्रतिमेला तिचे. त्यामुळे एकाच तिवराला दोन जिन्यांवर दोन वेगळ्या पायऱ्या मिळाल्या. प्रतिमा मोठी केल्यावर रंग बदलतात याचा अर्थ असा की, मोजणीची व्याप्ती ‘सध्या दिसणारा भाग’ अशी निवडलेली असावी. खाडीचे पाणी जास्त दिसू लागले की किमान-कमाल पाण्याप्रमाणे ठरतात, आणि कोपरखैरण्याच्या वस्तीवर सरकले की सिमेंटप्रमाणे.

तुलना करायची असेल तर लेयरच्या सिंबॉलॉजीत (रंग ठरवण्याच्या सोयीत) जाऊन दोन्ही प्रतिमांच्या त्या-त्या बँडला किमान आणि कमाल हाताने, अगदी सारखेच लिहावे. सुरुवात म्हणून निअर इन्फ्रारेडला २०० ते ४,००० आणि लाल व हिरव्याला २०० ते १,८०० घेऊन पाहावे, मग आपल्या डोळ्यांना रुचेल तसे थोडे बदलावे, मात्र जो बदल एका प्रतिमेत कराल तोच दुसरीतही करावा. आपण विचारलेला ‘खरा रंग’ असा काही नसतो, कारण निअर इन्फ्रारेड डोळ्यांना दिसतच नाही. आपण फक्त एवढे पाहू शकतो की दोन्ही प्रतिमांना एकच माप लावले आहे की नाही. (हे सारखे माप लावण्यापूर्वी ‘एन’ च्या अंकांचा उलगडा व्हावा लागेल. ते का, हे आपले उत्तर आले की सांगतो.)

प्रतिमा कापून घेतली असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. कापलेल्या भागाबाहेरच्या काळ्या कोपऱ्यांत ० हा आकडा भरलेला असतो. ते शून्य म्हणजे ‘माहिती नाही’, असे सॉफ्टवेअरला सांगितले नाही, तर ते शून्यही मोजणीत धरले जाते, किमान विनाकारण शून्यावर येते आणि सगळी प्रतिमा धुरकट दिसते.

हिस्टोग्राम इक्वलायझेशनबद्दल आपण विचारलेले नाही, पण विद्यार्थी ते बटण दाबतातच, म्हणून लिहितो. ज्या आकड्यांचे पिक्सेल जास्त, त्यांना ते जास्त पायऱ्या वाटून देते. ठाणे खाडीच्या हिस्टोग्रामला दोन उंचवटे असतात, एक पाण्याचा आणि एक जमिनीचा. इक्वलायझेशन केले की दोन्ही उंचवटे पसरतात आणि गढूळ पाण्यातले गाळाचे लोट फार सुंदर उठून दिसतात. गाळ कुठून कुठे वाहतो हे डोळ्यांनी पाहायला मी ते आवर्जून वापरतो. परंतु त्यात आकड्यांमधली अंतरे सरळ प्रमाणात राहत नाहीत, म्हणून दोन वर्षांची तुलना त्यावरून करू नये.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती आपल्या विद्यार्थिनींकडूनही होऊ शकते. स्ट्रेच हा फक्त दाखवण्यापुरता असतो, फाइलमधले आकडे त्याने बदलत नाहीत. पण लेयर नव्या फाइलमध्ये साठवताना ‘रॉ डेटा’ आणि ‘रेंडर्ड इमेज’ असे दोन पर्याय येतात. दुसरा पर्याय निवडला तर पडद्यावरचे ० ते २५५ हे रंगच फाइलमध्ये उतरतात आणि परावर्तन कायमचे जाते. काही वर्षांपूर्वी एका कामात मी अशा रंगवलेल्या फाइलवरून एनडीव्हीआय काढला होता. नकाशा छान दिसत होता, हिरवा भाग हिरवा होता, म्हणून कोणालाच शंका आली नाही. अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी सहज एका पिक्सेलवर माहितीचे बटण दाबले, तर लाल बँडमध्ये २५५ हा आकडा दिसला. तो परावर्तनाचा असणे शक्य नव्हते, कारण शेजारच्या शंभर पिक्सेलांतही नेमका २५५ च होता. सगळे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून कोणतेही गणित करण्याआधी मी पाण्यावर एक, झाडीवर एक आणि छपरावर एक, अशा तीन ठिकाणी पिक्सेलचा आकडा पाहतो आणि तो वहीत लिहून ठेवतो.

---

येऊरपायथा :

पारसिक यांच्या उत्तरात थोडी भर घालतो. आपल्या प्रतिमा लेव्हल-२ए आहेत, म्हणून वातावरणाची दुरुस्ती आपल्याला पुन्हा करायची नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पाठ्यपुस्तकात ‘डार्क ऑब्जेक्ट सबट्रॅक्शन’ वाचून अनेक विद्यार्थी ते लेव्हल-२ए वर दुसऱ्यांदा करतात आणि लाल बँडचे आकडे उगाच खाली ओढतात. जुन्या काळात मागे जायचे असेल आणि हाताशी फक्त लेव्हल-१ ची, म्हणजे वातावरणाचा परिणाम न काढलेली, प्रतिमा असेल, तेव्हा मात्र ही दुरुस्ती स्वतः करावी लागते. त्यात ठाण्यासाठी एक खास अडचण आहे, ती लिहून ठेवतो.

हवेच्या रेणूंमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण (विखुरणे) तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. सेंटिनेल-२ चा निळा बँड ४९० नॅनोमीटरचा, लाल ६६५ चा आणि निअर इन्फ्रारेड ८४२ चा. म्हणजे निळ्यात हे विकिरण लालच्या सुमारे ३.४ पट आणि निअर इन्फ्रारेडच्या जवळजवळ ९ पट होते. हिवाळ्यात सकाळी कळवा-ऐरोलीवर जे धुरके साचते, त्याची भर यावर वेगळी. उपग्रह आपल्या भागावरून सकाळी अकराच्या पुढेमागे जातो, आणि जानेवारीत तेवढ्या वेळेत धुरके पुरते निवळतेच असे नाही. त्यामुळे लेव्हल-१ ची नैसर्गिक रंगातली प्रतिमा निळसर, दुधाळ दिसते आणि एनडीव्हीआय खऱ्यापेक्षा कमी येतो. लाल परावर्तन खरे ३ टक्के आणि निअर इन्फ्रारेड ३० टक्के असेल, तर एनडीव्हीआय ०.८२ येतो. धुरक्याने लालमध्ये ३ आणि निअर इन्फ्रारेडमध्ये १ टक्का भर टाकली, तर तोच ०.६८ होतो. झाड तेच, पान तेच.

डार्क ऑब्जेक्टची कल्पना साधी आहे. प्रतिमेत जे खरोखर जवळजवळ काळे असायला हवे, तिथेही काही आकडा दिसत असेल, तर तो हवेचा मानून सगळीकडून वजा करायचा. पॅट चॅव्हेझ यांनी १९८८ मध्ये ही पद्धत सुधारून मांडली, ज्यात प्रत्येक बँडमधले धुरके स्वतंत्रपणे न अंदाजता विकिरणाच्या नियमाने एकमेकांशी जोडलेले असते. पुस्तकात काळी वस्तू म्हणून ‘खोल पाणी’ असे लिहिलेले असते आणि विद्यार्थी लगेच खाडीवर बोट ठेवतात. ठाणे खाडीचे पाणी गाळाने इतके भरलेले असते की लाल बँडमध्ये ते चांगलेच चमकते. तो आकडा हवेचा समजून वजा केला, तर तिवरांचा लाल बँड शून्याखालीसुद्धा जाईल. त्याऐवजी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी किंवा विहार तलावाचे मधले, काठापासून दूरचे पाणी घ्यावे, किंवा डोंगराच्या वायव्य उतारावरची दाट सावली. सकाळी अकराला सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून सावली त्या बाजूला मिळते.

छपरांचाही उल्लेख करतो. लेव्हल-२ए सोबत एक वर्गीकरणाचा थर येतो, ज्यात ढग, ढगाची सावली, पाणी, झाडी असे वर्ग असतात. ढग झाकण्यासाठी तो उपयोगी आहे, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातली कारखान्यांची पांढरी, चकचकीत छपरे कधी कधी ढग म्हणून नोंदली जातात. निरभ्र दिवशी महापे-रबाळेवर ढग दिसले तर घाबरू नये, आणि तो थर डोळे मिटून वापरूही नये.

---

खाडीकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. पारसिक यांनी विचारलेले अंक असे : २०१९ च्या फोल्डरच्या नावात एनपुढे ०२११ आहे आणि २०२४ च्या नावात ०५१०. विद्यार्थिनींनी तीन ठिकाणचे आकडेही वहीत लिहिले. २०१९ मध्ये तिवरांवरच्या एका पिक्सेलमध्ये लाल ३०० च्या आगेमागे आणि निअर इन्फ्रारेड ३,००० च्या आगेमागे आहे. २०२४ मध्ये त्याच पिक्सेलमध्ये लाल १,३०० आणि निअर इन्फ्रारेड ४,००० च्या जवळपास आहे. म्हणजे दोन्ही आकडे वाढले आहेत, तरी एनडीव्हीआय घटतो. हे कोडे सुटत नाही.

---

पारसिक :

कोडे सुटले आहे, मॅडम. दोन्ही आकडे नेमके हजाराने वाढले आहेत.

२५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू केली. फोल्डरच्या नावातले ‘एन’पुढचे अंक ही आवृत्तीच सांगतात. त्या आवृत्तीपासून प्रत्येक बँडच्या आकड्यात १,००० मिळवून ते साठवले जातात. अगदी काळ्या पृष्ठभागावर दुरुस्तीनंतर परावर्तन कधी कधी शून्याखाली येते. फाइलमध्ये ऋण आकडा साठवता येत नाही, म्हणून पूर्वी तो शून्यावर छाटला जात असे आणि गडद भागातली माहिती जात असे. ती टिकावी म्हणून हा हजार आला. वापरणाऱ्याने तो आधी वजा करायचा आणि मग १०,००० ने भागायचे, असे अपेक्षित आहे. मेटाडेटाच्या (प्रतिमेविषयीच्या माहितीच्या) फाइलमध्ये प्रत्येक बँडपुढे उणे १,००० असे लिहिलेलेही असते. परंतु बँडची फाइल थेट क्यूजीआयएसमध्ये ओढून आणली की ती नोंद कोणी वाचत नाही.

आता आपल्याच पिक्सेलवर गणित करून पाहा. २०१९ मध्ये ३,००० उणे ३०० म्हणजे २,७००, त्याला ३,३०० ने भागले की ०.८२. २०२४ मध्ये ४,००० उणे १,३०० म्हणजे पुन्हा २,७०० च, पण खाली बेरीज झाली ५,३००, आणि उत्तर आले ०.५१. वजाबाकीत हजार आपोआप जातो, बेरजेत मात्र तो दोनदा राहतो. म्हणून वरचा आकडा तोच राहून खालचा फुगला आणि आपल्या तिवरांचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त हिरवेपणा कागदावरून नाहीसा झाला. २०२४ चे दोन्ही बँड रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये घेऊन प्रत्येकातून १,००० वजा करा, मग एनडीव्हीआय काढा.

याच कारणाने मी रंगांची मापे आधी लावू नका म्हटले होते. हजार वजा न करता दोन्ही प्रतिमांना २०० ते १,८०० हे एकच माप लावले असते, तर २०२४ ची प्रतिमा भगभगीत, उडालेल्या रंगांची दिसली असती आणि ‘ऱ्हास’ डोळ्यांनाही दिसला असता. आधी आकडे एका पातळीवर आणायचे, मग रंग, हा क्रम पाळावा.

एक खबरदारी घ्यावी. प्रतिमा कोणत्या तारखेची आहे यावरून हजार वजा करायचा की नाही ते ठरवू नये. युरोपीय संस्थेने जुन्या प्रतिमांवरही नव्याने प्रक्रिया केली आहे, म्हणून आज २०१९ ची प्रतिमा पुन्हा उतरवली तर तिच्या नावात ०५०० दिसू शकते, आणि मग तिच्यातही हजार असतो. आपली २०१९ ची फाइल त्याच वर्षी उतरवलेली आहे, म्हणून तिच्यात ०२११ आहे. नेहमी नावातले अंक पाहावेत. ०४०० किंवा त्याहून मोठा अंक असेल तरच वजा करावे. गूगल अर्थ इंजिन वापरणार असाल तर तिथे ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह घ्यावा, त्यात हा फरक आधीच काढून टाकलेला असतो.

विद्यार्थिनींना पुढे लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमांवर जायचे असेल तर तिथेही असाच सापळा आहे. कलेक्शन-२, लेव्हल-२ च्या आकड्याला ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा केल्यावर परावर्तन मिळते. हे न करता थेट एनडीव्हीआय काढला, तर आपले तेच ०.८२ चे तिवर ०.३७ दिसेल. लँडसॅट-७ घ्यायचा झाल्यास ३१ मे २००३ नंतरच्या प्रतिमा टाळाव्यात. त्या दिवशी त्याचा स्कॅन लाइन करेक्टर बंद पडला आणि तेव्हापासून प्रतिमेच्या दोन्ही बाजूंना काळ्या पाचरी येतात. आपल्या रिसोर्ससॅट या भारतीय उपग्रहाच्या लिस-३ संवेदकाच्या प्रतिमा राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भुवन संकेतस्थळावर मिळतात. त्यात निळा बँड नसतो, म्हणून नैसर्गिक रंगाची प्रतिमा जमत नाही, पण आपल्या कामाला लागणारे हिरवा, लाल, निअर इन्फ्रारेड आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड हे चारही बँड असतात.

---

भांगभरती :

मी नवी मुंबईतल्या कोळीवाड्यातला आहे आणि भूमाहितीशास्त्राचे काम करतो. वर सगळे प्रतिमेच्या आकड्यांबद्दल आले, पण पाण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. खाडीची प्रतिमा वापरताना त्या क्षणी भरती होती की ओहोटी, हे पाहिल्याशिवाय काठाची तुलना करता येत नाही.

आमच्याकडे पूर्ण भरतीची वेळ काढायला घड्याळाआधीपासूनचा एक हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी). पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला भरती. हा हिशोब ढोबळ आहे, आणि खाडीत आत जावे तसे पाणी थोडे उशिरा चढते, पण होडी कधी काढायची ते ठरवायला तो आजही पुरतो.

आता उपग्रहाची वेळ पाहा. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट दोन्ही सूर्याशी बांधलेल्या कक्षेत फिरतात, म्हणून ते आपल्यावरून नेहमी जवळपास एकाच वेळी, सकाळी अकराच्या पुढेमागे जातात. याचा अर्थ असा की, पौर्णिमा-अमावस्येच्या जवळची प्रतिमा नेहमी उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) भरलेल्या पाण्याची असते, आणि अष्टमीच्या जवळची प्रतिमा भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) उतरलेल्या पाण्याची. उधाणाच्या प्रतिमेत काठावरची चिखलाची मैदाने पाण्याखाली असतात, तिवरांच्या कडेच्या रोपांच्या फक्त शेंड्या वर राहतात, आणि त्या पिक्सेलचा एनडीव्हीआय पाण्यामुळे खाली येतो. पाणी निअर इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेते. भांगाच्या प्रतिमेत तोच चिखल उघडा असतो आणि त्यावरचे शेवाळसुद्धा थोडा हिरवेपणा दाखवते. एक उधाणाची आणि एक भांगाची अशा दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या, तर काठाचा पट्टा सरकल्यासारखा दिसतो. सरकलेले असते ते पाणी.

आपल्या दोन्ही प्रतिमांच्या तारखांची तिथी पंचांगात पाहावी. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी येतो, म्हणून महिन्यात अष्टमीच्या जवळची एक तरी प्रतिमा मिळतेच.

महिन्याबद्दलही एक सुचवतो. जानेवारीत येऊर आणि पारसिकच्या डोंगरावरची झाडी अजून बरीच हिरवी असते, त्यामुळे काठावरची तिवरे आणि त्यांच्या मागची इतर झाडी एनडीव्हीआयमध्ये मिसळून जातात. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर पानगळीने तपकिरी होतो, गवत वाळते, आणि बारमाही हिरवे तिवर एकटे उठून दिसते. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा बँड जोडला तर आणखी सोपे होते, कारण तिवरांच्या मुळाशी कायम ओल असते आणि ओल्या जागी त्या बँडचा आकडा पडतो. निअर इन्फ्रारेड लाल रंगात, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड हिरव्यात आणि लाल बँड निळ्यात दाखवला, की तिवरे गडद तांबडी दिसतात आणि कोरड्या जमिनीवरची झाडी नारिंगी-पिवळसर. तो बँड २० मीटरचा आहे. १० मीटरच्या बँडशी जुळवताना ‘निअरेस्ट नेबर’ निवडावे, म्हणजे मूळ आकडे तसेच राहतात. पामबीच रस्त्याच्या कडेला तिवरांची पट्टी कुठे कुठे इतकी अरुंद आहे की २० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये रस्ता आणि झाड दोन्ही येतात. अशा पिक्सेलांबद्दल काहीच विधान न करणे बरे.

---

खाडीकाठ :

आज विद्यार्थिनींसह सगळे पुन्हा केले. २०२४ च्या बँडमधून १,००० वजा केल्यावर दाट पट्ट्याची सरासरी पुन्हा ०.८ च्या आसपास आली. दोन्ही प्रतिमांना सारखी मापे लावल्यावर रंगही जुळले, शेजारी ठेवल्या तर दाट पट्ट्यात वर्ष ओळखता येत नाही. प्रकरणाचे शीर्षक मुलींनी स्वतःच खोडले.

मात्र पाण्याकडच्या कडेला, ऐरोलीच्या पुलाच्या दक्षिणेस, एक अरुंद पट्टी २०२४ मध्ये अजूनही उतरलेली दिसते. भांगभरती यांचे वाचून पंचांग पाहिले. २०१९ ची प्रतिमा अष्टमीच्या जवळची निघाली आणि २०२४ ची पौर्णिमेच्या लगतची. म्हणजे जिथे आम्हाला घट दिसते आहे, तिथे त्या सकाळी पाणी चढलेले असणार. आता दोन्ही वर्षांच्या मार्चमधल्या, अष्टमीजवळच्या प्रतिमा उतरवल्या आहेत. दोन्हींच्या नावातले चार अंक पाहून हजाराचा हिशोब आधी केला जाईल, आणि मगच ती पट्टी पुन्हा मोजली जाईल. येत्या अष्टमीला दुपारी बाराच्या सुकतीला आम्ही त्या कडेशी जाऊन रोपे मोजणार आहोत. त्या वेळी होडी चिखलात न रुतता कुठवर जाऊ शकते आणि कोणत्या बाजूने जावे, हे भांगभरती यांनी सांगितले तर उपकार होतील.

---

भांगभरती :

बाराच्या सुकतीला होडी कडेपर्यंत जाणार नाही, ताई. साडेनऊच्या सुमारास, पाणी उतरत असताना निघा, मधल्या खोल धारेतून जा, आणि पाणी चढू लागेपर्यंत होडी धारेतच उभी ठेवा. चिखलात पाय टाकू नका, तो कमरेपर्यंत ओढतो. रोपे होडीतून मोजा, आणि प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश तिथेच टिपा, म्हणजे ती जागा प्रतिमेतल्या नेमक्या कोणत्या पिक्सेलमध्ये पडते ते नंतर पाहता येईल. सोबत खाडी ओळखणारा माणूस हवाच, आणि तो भाग अभयारण्यात येतो, म्हणून वनविभागाची परवानगी आधी काढून ठेवा.